ग्रीकांना दिलेला शनिवार

त्या ग्रीक म्हाताऱ्याने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मध्येच म्हणायला नको की दोन्ही बाजू ऐकून घ्या. आमच्या गावातल्या ग्रीक चर्चच्या हॉलचा कारभार तो बघतो. एप्रिल महिन्यात त्याने मला गणपतीसाठी एक शनिवार दिला आणि त्याच्या बदल्यात माझी मुलगी घेतली. तिची किंमत त्याला ठाऊक होती, मला नव्हती. समोरच्याला मालाची पारख नाही हे कळल्यावर जो गप्प बसतो त्याला आमच्या धंद्यात हुशार म्हणतात. मीही कैक वेळा तसा हुशार झालो आहे. या वेळी गप्प बसणारा तो होता, म्हणून मी त्याला फसवणूक म्हणतो.

धंदा माझा दगडाचा. न्यू जर्सीत, आयसेलिनपासून वीस मिनिटांवर माझं यार्ड आहे. मी लोकांच्या स्वयंपाकघरांचे ओटे करतो, बाथरूमच्या फरश्या करतो, आणि गिऱ्हाईक मोठं असेल तर घरापुढचे खांब करतो. माणदेशातून इथे आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात ग्रॅनाइटच्या लाद्या उचलत होतो. पाठ त्या गोदामाला देऊन आलो आणि धंदा शिकून बाहेर पडलो. वशिला नव्हता, पदवी नव्हती. इंग्रजी मी गिऱ्हाइकांशी भांडून शिकलो.

ग्रीकांवरचा माझा राग या म्हाताऱ्याच्या फार आधीचा आहे. त्याला हेवा म्हटलं तरी मी भांडणार नाही. तो रोज नव्याने वाटतो, कारण माझं पोटच त्यांच्यावर चालतं. कोर्टाला खांब त्यांचे. बँकेला खांब त्यांचे. माझा मेहुणा जॉर्जियातल्या अल्फारेटात राहतो, आयटीतला आहे. त्याने घर बांधलं तेव्हा त्यालाही दारापुढे चार पांढरे खांब हवे होते.

मी त्याला फोनवर म्हटलं, "अरे, खांबच हवेत ना? मग मी दोन दीपमाळा करून देतो. काळ्या दगडातल्या. आख्ख्या जॉर्जियात कुणाच्या दारात नसतील."

फोन स्पीकरवर होता. त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, ते खूप एथनिक दिसेल हो. आम्हाला काहीतरी क्लासिक हवंय."

त्यांचा दगड क्लासिक आणि आमचा दगड एथनिक. दोन्ही जमिनीतून निघतात, दोन्ही मीच कापतो. मी मुकाट्याने चार खांब पाठवून दिले, उभ्या खोबणी पाडलेले, माथ्यावर दोन्हीकडे वळ्या असलेले. फार सुंदर झाले होते. राग त्याचाच येतो.

एकदा नजर तशी झाली की मग दुसरं काही दिसत नाही. डॉक्टरांची खूण बघा. काठीभोवती साप, तो त्यांच्या वैद्यदेवाचा. सापांची आपल्याकडे काय कमी होती? कॉलेजातल्या मुलांचे क्लब असतात, त्यांच्या घरांवर अक्षरं ग्रीकांची. भूमितीत कोनांना नावं देतात ती अक्षरंही त्यांचीच. नाटक त्यांचं, लोकांनी मतं देऊन कारभार चालवायचा ही रीत त्यांची, लांब पल्ल्याची शर्यत त्यांची. माणूस चंद्रावर न्यायचा ठरला तर त्या मोहिमेला नाव त्यांच्या सूर्यदेवाचं. जायचं चंद्रावर आणि नाव सूर्याचं, तरी कुणाला काही खटकलं नाही. ज्यांचं नाव चालतं त्यांचं सगळंच चालतं.

मुलगी सहावीत होती तेव्हा शाळेत जुन्या संस्कृतींचा अभ्यास होता. ग्रीसला सहा आठवडे मिळाले, आपल्याला एक. त्या एका आठवड्यात एक नदी, एक गाय आणि चातुर्वर्ण्याची एक पिरॅमिडसारखी आकृती. ग्रीसच्या शेवटच्या दिवशी सगळ्या मुलांनी देव होऊन यायचं होतं. माझी मुलगी अथीना झाली. अंगाला गुंडाळायला पांढरं कापड हवं म्हणून बायकोने स्वतःची सुती साडी दिली, आणि ढाल मी पातळ लादी गोल कापून दिली. ती इतकी जड झाली की पोरीला दोन्ही हातांनी धरावी लागली. शाळेत सगळे म्हणाले, काय सुंदर ग्रीक पोशाख! साडी होती ती, सोलापूरची. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शिक्षिकेला विचारलं, आमच्या देवांचा दिवस कधी? ती गोड हसली आणि म्हणाली, तुमची संस्कृती फारच समृद्ध आहे. गिऱ्हाईक जेव्हा "फारच छान आहे" म्हणतं तेव्हा ते घेणार नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

ती मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे आणि तोच सहावीचा अभ्यास तीच शिकवते. त्याच सहा आठवड्यांचा. मी तिला सांगून पाहिलं, की इंजिनीअर हो, फार्मसी कर. ती म्हणाली, "बाबा, आय लाइक स्टोरीज."

तर एप्रिलमधला सौदा. आमच्या मराठी मंडळाचा गणपती म्हणजे एका शनिवारचा गणपती. सकाळी प्रतिष्ठा, दुपारी जेवण आणि कार्यक्रम, पाच वाजता आरती करून हॉल रिकामा. अलीकडे माणसं इतकी वाढली की शाळेचं सभागृह पुरेना. ग्रीक चर्चचा हॉल मोठा, स्वयंपाकघर मोठं, पार्किंग त्याहून मोठं. बोलणी करायला मंडळाने मला पाठवलं. अशा कामाला ते नेहमी मलाच पाठवतात आणि मी परत आलो की माझ्या आवाजाबद्दल तक्रार करतात.

म्हातारा ऐंशीच्या घरातला. चाळीस वर्षं डायनर चालवून आता मुलाच्या हवाली केलेलं. त्याचे हात बघितले आणि मी सावध झालो, कारण ते काम केलेले हात होते. असा माणूस लवकर हलत नाही. मी त्याला आधी सरळ विचारलं की आम्ही मूर्ती आणणार, पूजा करणार, चर्चला चालेल का? तो म्हणाला, "देव त्या इमारतीत राहतो. ही हॉलची इमारत. इथे लग्नात लोक काय काय करतात ते त्याने पाहिलं असतं तर कधीच गाव सोडून गेला असता."

मला तो आवडला. इथेच माझं चुकलं.

हॉलच्या दाराच्या संगमरवरी पायऱ्या तडकल्या होत्या. मी म्हटलं, पायऱ्या मी बदलून देतो, दगड माझा, माणसं माझी, तू आम्हाला सप्टेंबरमधला शनिवार दे. त्याने वाकून भेगांमध्ये बोट घालून पाहिलं, जणू पहिल्यांदाच दिसत होत्या.

"शुक्रवार घे," तो म्हणाला.

"शुक्रवारी लोक कामावर असतात."

"मग पुढचा शनिवार."

"तोपर्यंत देव घरी गेलेला असेल. आमचं तिथीवर चालतं."

"शनिवारी माझी ग्रीक शाळा भरते. तीस मुलं. कुठे नेऊ त्यांना?"

दोन तास हे चाललं. मधे त्याने दोनदा कॉफी दिली, मी दोनदा उठून जायचं नाटक केलं. शेवटी मला एक युक्ती सुचली आणि ती मला फार हुशारीची वाटली. मी म्हटलं, "मुलांना त्या दिवशी शहरातल्या म्युझियमला पाठव. तुमच्याच देवांचे पुतळे आहेत तिथे. माझी मुलगी शिक्षिका आहे, हेच शिकवते. ती घेऊन जाईल आणि गोष्टीही सांगेल."

भाजीवाली शेवटी कढीपत्त्याची काडी पिशवीत टाकते, तसं मी हे वरून टाकलं. आणि दोन तास घासाघीस करणारा माणूस एका क्षणात हात पुढे करून उभा. तिथेच मला समजायला हवं होतं. त्याची नात माझ्या मुलीच्या वर्गात आहे हे मला नंतर कळलं. घरी आल्यावर ती नात जेवणाच्या टेबलावर म्हणे रोज माझ्या मुलीच्या गोष्टी सांगायची. म्हणजे त्याला ऐकून माहीत होतं, आणि मी तिचा बाप असून मला माहीत नव्हतं.

मुलीला मी गाडीतूनच फोन केला. ती म्हणाली, "ओके... पण त्या दिवशी गणपती आहे ना?"

"हो, मग? तुझं तिथे काय काम असतं? खुर्च्या लावायला दुसरं कुणी बघू."

"फाइन," ती म्हणाली.

जूनमध्ये त्यांची जत्रा होती. चर्चच्या आवारात तंबू, भाजलेलं मटण, मधात बुडवलेले तळलेले गोळे, आणि एका कोपऱ्यात मुलांचा तंबू. तिथे माझी मुलगी गोष्ट सांगणार होती. म्हाताऱ्याने तिला आधीच विचारून ठेवलं होतं, सरावासाठी म्हणे. मी बायकोला घेऊन गेलो. खरं सांगायचं तर पायऱ्यांची मापं घ्यायची होती म्हणून गेलो.

ती एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली होती. जीन्स, साधा कुर्ता, हातात एक डाळिंब. पर्सेफनी नावाच्या मुलीची गोष्ट होती. ती फुलं वेचत असताना जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून घेऊन जातो. तिचा बाप झ्यूस, सगळ्या देवांचा राजा, आणि आई डिमीटर, म्हणजे पिकपाण्याची देवी. ती नऊ दिवस मशाली घेऊन लेकीला शोधत फिरते. मुलगी सांगत होती तेव्हा तिचा आवाज मोठा नव्हता, पण तंबूच्या दारात प्लेट घेऊन उभे असलेले म्हातारे ग्रीक खायचे थांबले होते. डिमीटर शेतांना शाप देते आणि सगळं वाळून जातं, तिथे मुलीने नुसता हात हळूहळू खाली आणला. मी माणदेशातला आहे. वाळलेलं रान म्हणजे काय ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्या हातात ते दिसलं.

मग तिने डाळिंब फोडलं. आधी वरचा तुरा काढून टोपी उडवली, मग आतल्या पडद्यांच्या रेषेवर सालीला हलक्या चिरा दिल्या आणि दोन्ही अंगठ्यांनी उघडलं. फुलासारखं उमललं ते, एक दाणा फुटला नाही. ती रीत माझी. ती सहासात वर्षांची असताना आमच्या सिंकपाशी स्टुलावर उभी करून मी तिला शिकवली होती. सगळा तंबू "आ" करून बघत होता आणि त्यांना वाटत होतं की हेही ग्रीकच असणार. इतका संताप आला की उठून सांगावंसं वाटलं, हे आमच्याकडचं आहे.

पर्सेफनीने पाताळात चार दाणे खाल्ले, म्हणून दरवर्षी तितके महिने तिला तिथे राहावं लागतं, बाकीचे दिवस ती आईकडे. असा तोडगा निघाला. मी धंदेवाला माणूस, मला राहवेना. मी बायकोच्या कानात म्हटलं, "कुणी केला हा सौदा? नेणारा राजा मुलीच्या बापाचा सख्खा भाऊ. निवाडा करणारा बापच. आणि निरोप नेणारा हर्मीस, तो व्यापाऱ्यांचा देव आणि चोरांचाही तोच. आईच्या बाजूने बोलायला एक माणूस नाही! मी असतो तर विचारलं असतं, दाणे खाल्ले म्हणजे राहायला कबूल झाली हे कुठे ठरलं होतं? आधी सांगितलं होतं का तिला?"

"तुम्ही असतात तर," बायको म्हणाली, "तुम्ही बापाच्या जागी असतात."

"म्हणजे?"

"ऐकलं नाहीत का सुरुवातीला? नेण्याआधीच बापाने मान डोलावली होती. आईला कुणी विचारलंच नाही. शनिवारचं मला तरी कुठे विचारलंत? गणपतीला माझी मुलगी माझ्याजवळ नसणार हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं."

तंबूत टाळ्या पडत होत्या. लहान मुलं तिच्या गुडघ्यांना चिकटली होती, एक म्हातारी तिचे गाल धरून तिच्याशी ग्रीकमध्ये बोलत होती. मुलीला अक्षर कळत नव्हतं, तरी ती हसत होती. आमच्या मंडळात ती अशी कधी हसल्याचं मला आठवेना. तिथे ती मागे उभी राहते, खुर्च्या लावते, कागदाच्या प्लेटा वाटते. मला तेव्हा कळलं की मी काय वरून टाकलं होतं. गणपतीच्या त्या शनिवारी आमच्या स्टेजवर ही अशी बसली असती, गणपतीची गोष्ट सांगत असती, समोर आपली चारशे माणसं. आणि ती त्या वेळी शहरात, दुसऱ्यांच्या तीस मुलांना, दुसऱ्यांच्या देवांची गोष्ट सांगत असणार. बस सहा वाजता परत येणार. आमचा हॉल पाचला रिकामा.

जुलैत पायऱ्या बसवून झाल्या. काम चोख केलं, वाकडं करायचा मोह झाला तरी चोख केलं. मग मी म्हाताऱ्याला गाठलं. त्या दिवशी हॉलमध्ये कुणाची तरी पुण्यतिथी झाली होती आणि त्याने मला कागदी कपात एक पदार्थ दिला. उकडलेले गहू, साखर, बदाम, आणि वर डाळिंबाचे दाणे. मेलेल्यांसाठी करतात म्हणाला. आपल्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात, जवळजवळ तेच. मी खाल्ले. चांगले होते. त्यांच्या गोष्टीतल्या देवीचं धान्य, त्यांच्याच गोष्टीतलं डाळिंब, आणि ते अजून त्यांच्या कपात आहे. आमच्याकडे मागच्या चार बारशांना कपकेक होते.

मी म्हटलं, "माझी मुलगी मला परत दे. म्युझियम दुसऱ्या शनिवारी कर."

"का?"

"तिने आमच्याकडे गोष्ट सांगायला हवी. तुमच्याकडे काय कमी आहे? सगळं जग तुमच्याच गोष्टी सांगतं."

तो पायरीवर बसला. माझ्याच पायरीवर. म्हणाला, "ऐक. सगळ्या जगाला मेलेले ग्रीक हवे असतात. मी जिवंत आहे, मला चाळीस वर्षं लोकांनी फक्त अंडी कशी हवीत ते सांगितलं. माझ्या नातवंडांना झ्यूस कार्टूनमुळे ठाऊक आहे. आमचे ते देव म्युझियमात उभे आहेत, नाकं तुटलेली, आणि त्यांच्यापुढे कुणी फूल ठेवलं तर गार्ड ओरडतो. तुम्ही मागच्या वर्षी शाळेच्या मैदानात तुमचा देव डोक्यावर घेऊन नाचत होतात, मी रस्त्यावरून बघितलं. पोटभर जेवू घालता त्याला, मग रडत पाण्यात सोडता. मला हेवा वाटला तुमचा."

कुणी दुसरा असता तर विरघळला असता. मी नाही. स्वतःच्या मालाला नावं ठेवून गिऱ्हाइकाला खूश करणारा विक्रेता मी लांबून ओळखतो, कारण मी स्वतः तो आहे. मी म्हटलं, "भाषण नको. मुलगी देतोस का?"

"ती काय माझ्या खिशात आहे?" तो म्हणाला. "तिला विचार. ती म्हणाली की शनिवारी तुझ्याकडे यायचंय, तर मी शाळेला सुट्टी देतो. हॉल तरीही तुझाच. झालं?"

त्याने एका वाक्यात सगळं सोडून दिलं आणि माझ्या हातात भांडायला काही ठेवलं नाही. इतका वाईट डाव माझ्यावर कुणी टाकला नव्हता.

मुलगी रविवारी दुपारी यार्डवर आली. तिला वर्गासाठी दगडांचे तुकडे हवे होते, मुलांच्या हातात द्यायला. मी संगमरवराचे चांगले तुकडे आधीच वेगळे काढून ठेवले होते. ते दिले आणि विषय काढला.

"मी आले तर काय करू, बाबा? खुर्च्या?"

"गोष्ट सांग. गणपतीची. स्टेजवर, माइक घेऊन."

"कुठल्या लँग्वेजमध्ये?"

आमच्या मंडळाचा नियम आहे, स्टेजवर फक्त मराठी. हा नियम मी अध्यक्ष असताना झाला. एका आयटमला तीन मिनिटं, हाही माझाच.

"मी सांगितली होती एकदा," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते. तुला आठवतंय? गणपतीला एलिफंटचं डोकं कसं मिळालं. मी ती रात्रंदिवस प्रॅक्टिस केली होती, मिररसमोर. मध्ये मध्ये वर्ड्स नाही आठवले, मग मी इंग्लिशमध्ये बोलले, अँड दे लाफ्ड. सगळ्या काकू."

"कौतुकाने हसत होत्या गं. गोड बोलत होतीस."

"आय नो. नंतर सगळ्यांनी मला चॉकलेट्स दिली. पण मी अजून शिवाच्या रागापर्यंतच आले होते, आणि एका काकांनी माझ्या हातातून माइक घेतला. छान छान, आता पुढचा आयटम. म्हणजे त्यांनी आधी खाली बघितलं, समवन नॉडेड, आणि मग घेतला. माझ्या गोष्टीत गणपतीला डोकंच नाही मिळालं, बाबा."

ती हे हसत सांगत होती. दगडाचा तुकडा हातात फिरवत होती. मान कुणी हलवली ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन बसलो होतो. स्टेजमागे पुढच्या नाचाची मुलं मेकअप करून ताटकळत होती, त्यांच्या आया माझ्याकडे बघत होत्या, आणि माझीच मुलगी चुकतमाकत वेळ खात होती याची मला लाज वाटत होती. हे सगळं खरं आहे आणि त्यातलं काहीही कारण म्हणून चालण्यासारखं नाही.

मी तिला सांगितलं. "ती मान माझी होती."

तिने दगडाचे तुकडे एकेक करून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "ओके."

"ओके म्हणजे?"

"म्हणजे थँक्स, सांगितलंस. पण शनिवारी मी म्युझियमला जाणार आहे. मुलांना मी वर्ड दिलाय." आणि जाता जाता, दाराशी थांबून, "तूच शिकवलंस ना, हात मिळवला की फिरायचं नाही."

ती गेल्यावर मी मशीनवर इतक्या रागात लादी चढवली की कोपरा उडाला.

पुढच्या मीटिंगमध्ये, एडिसनमधल्या एका बेसमेंटमध्ये, मी कमिटीपुढे उभा राहिलो. म्हटलं, तो नियम काढा. ज्या मुलाला ज्या भाषेत येईल त्या भाषेत गोष्ट सांगू द्या, आणि पूर्ण होईपर्यंत सांगू द्या. आमच्या सेक्रेटरी काकू पुण्याच्या आहेत, नीट बोलतात. त्या म्हणाल्या, "अहो, नियम तुम्हीच केला होता. किती भांडला होतात तेव्हा!"

"म्हणूनच सांगतोय."

"मग मराठी मंडळ कशाला म्हणायचं?"

खजिनदार नागपूरचा, तरुण आहे. तो म्हणाला, "काकू, होऊ द्या ना यार. माझा पोरगा तर मराठी आयटम सुरू झाला की पार्किंगमध्ये पळतो."

"तुमची मुलगी सांगणार आहे का?" काकूंनी मला विचारलं.

"ती नाही येणार."

"मग घाई काय आहे? पुढच्या वर्षी बघू."

पाच माणसांनी माना हलवल्या. मी त्या माना बघत होतो. गणपतीला आता तीन आठवडे आहेत. मखर तयार आहे, पायऱ्या नव्या आहेत, हॉल आपला आहे. माझी मुलगी त्या दिवशी नाक तुटलेल्या देवांपुढे बसून तीस ग्रीक मुलांना पूर्ण गोष्ट सांगेल, आणि तिच्या हातून माइक कुणी घेणार नाही. त्या मुलांचा मला इतका हेवा वाटतो की ते शब्दांत सांगता येत नाही. त्या म्हाताऱ्याला मी सोडलेलं नाही. त्याला जे ठाऊक होतं ते त्याने मला सांगायला हवं होतं, आणि हे मी त्याच्या तोंडावर पुन्हा म्हणेन. पण त्याने घेतलं ते आपण आधीच टाकून दिलेलं होतं.

म्हणून हे लिहिलं आणि मंडळाच्या अंकाला दिलं. ती नऊ वर्षांची असताना त्या सभागृहात जे होते ते बहुतेक सगळे अजून याच भागात राहतात. ज्यांनी हसून चॉकलेटं दिली त्या काकू, ज्यांनी हातातून माइक घेतला ते काका, ज्या माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या त्या नाचाच्या मुलांच्या आया, आणि परवा ज्यांनी माना हलवल्या ते पाचजण. माझ्या मानेबद्दल मी तिला सांगितलं आहे, ती अजून नीट बोलत नाही, ते मी सोसतो आहे. आता तुमच्यापैकी एकेकाने तिच्याकडे जायचं आणि सांगायचं की नऊ वर्षांच्या मुलीची गोष्ट अर्ध्यात का थांबवली, आणि त्यानंतर एकोणीस वर्षांत तिला त्या गोष्टीत पुढे काय झालं असं एकानेही का विचारलं नाही. ते उत्तर मला हवं आहे. मराठीत नसलं तरी चालेल.